वरच्यांनी चूप राहायचं

मुन्ना विहिरीत उतरताना गुणगुणते. कोणतं गाणं ते त्यालेही माहीत नसते. अर्धं हिंदी, अर्धं त्याच्या मनचं. मी वर दोर धरून राहतो अन् कान खाली ठेवतो. गुणगुणणं आहे तोपर्यंत मुन्ना आहे. इतकं साधं काम आहे आमचं.

विहिरी साफ करतो आम्ही, गोरेगावच्या आसपासच्या गावायमधी. गाळ काढायचा, अडकलेली मोटर काढायची, ढासळलेली वीट बसवायची. मुन्ना खाली, मी वर. धंदा त्याच्या बापाचा. मी बारावीनंतर त्याच्यासंगं लागलो अन् पाहून पाहूनच सगळं शिकलो.

सगळं म्हणजे, एक गोष्ट सोडून.

उतरायच्या आधी मुन्ना विहिरीले दिवा देते. कणकेचा दिवा बादलीत ठेवते, बाजूले नारळ, अगरबत्ती. मग बादली हळूहळू खाली सोडते, पार पाण्यापर्यंत, अन् वाकून पाहत राहते. दिवा जळत राहिला तर बादली वर घेते, नारळ फोडते अन् उतरते. विझला तर हात जोडते, म्हणते, "आज विहीर नाही म्हणते." मग आम्ही चहा पिऊन घरी. मालक कितीही बोंबलू दे.

मी त्या वेळी तोंड फिरवून दूर जातो. आमच्या घरी हे चालत नाही. मी लहान होतो तेव्हा आई येशूवर विश्वास ठेवायले लागली, तेव्हापासून घरात नारळ नाही, आरती नाही. मी कोणत्या तरी झाडाखाली डोळे मिटतो अन् म्हणतो, प्रभू, याले माफ कर, याले समजत नाही. मुन्नाले हे माहीत आहे. दिवा वर आला की तो आवाज देते, "झाली का गा माझी चुगली?"

तर असं चाललं होतं.

आमची प्रार्थना गोरेगावात पास्टर भैय्यालाल यायच्या घरी होते. बाजाराच्या रस्त्यावर त्यायचं शिलाईचं दुकान आहे. रविवारी मशीन भिंतीले सरकवायची, सतरंजी टाकायची, झालं चर्च. घरामागं अंगण, अंगणात चिंच, चिंचेखाली जुनी विहीर. नळ आल्यापासून ती टिनानं झाकून ठेवलेली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी माझा बाप्तिस्मा ठरला होता. पहिले बाप्तिस्मे चोरखमाऱ्याच्या तलावावर होत. पण मागच्या खेपेले काठावर लोकं मोबाईल घेऊन उभे राहिले, अन् ज्या पोरीचा बाप्तिस्मा होता ती पाण्यात उभी राहून रडायले लागली. म्हणून पास्टर म्हणले, अंगणातच टाकी बांधू, विहिरीच्या पाण्यानं भरू. नळाचं पाणी प्यायलेच पुरत नाही.

मी लगेच म्हटलं, विहीर मी अन् मुन्ना साफ करून देतो.

मले लय चांगलं वाटून राहिलं होतं, खरं सांगतो. माझ्याच बाप्तिस्म्याचं पाणी अन् माझ्याच हातानं काढायचं.

ईस्टरले दोन आठवडे होते, तेव्हा शनिवारी सकाळी पोहोचलो. मुन्नानं मोटरसायकलवरून दोर उतरवला, विहिरीवर लावायचं चाक उतरवलं, अन् थैली उघडली तर अनुसयाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पास्टरच्या घरच्या त्या, आम्ही सगळे मामी म्हणतो. पास्टर नरम आहेत. मामी नाही.

"हे का आहे?"

"दिवा आहे जी मामी. विहिरीले द्यायचा."

"इथं नाही द्यायचा."

"बिना दिव्याचा मी उतरत नाही जी. बापानं सांगतलं आहे."

"बापानं सांगतलं ते तुझ्या घरी. हे प्रार्थनेचं घर आहे. इथं विहिरीले हात जोडले तर टिकेशचा बाप्तिस्मा कोणत्या पाण्यात करायचा?"

मुन्नानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "राहू दे ना मुन्ना आज. प्रार्थना करतो आम्ही. काही होत नाही."

"काही होत नाही?"

"प्रभू आहे ना."

 त्यानं थैलीले गाठ मारून ती मोटरसायकलच्या हँडलले लटकवली. "बरं गा. तुझ्या सासरी तुझंच चालू दे." प्रार्थनेच्या घराले तो मजाकीत माझं सासर म्हणते.

टिन बाजूले केलं तर आतून सडल्याचा वास आला. चिंचेचा पाला किती साल पडून पडून खाली कुजला असेल. मुन्ना वाकला, वास घेतला. मले भीती वाटली. मी ती दाबली. भीती वाटली की समजायचं विश्वास कमी पडून राहिला, असं मी स्वतःच ठरवून ठेवलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

मुन्नानं दोर काखेतून घेऊन छातीवर बांधला. कमरेले नाही, नेहमी छातीवर. हेही बापाचंच.

तोपर्यंत पास्टर दुकानातून आले, गळ्यात टेप तसाच. झाडझूड करायले आलेल्या प्रार्थनेतल्या दोन-तीन बहिणी होत्या, त्याही जवळ आल्या. मामी म्हणल्या, "सगळे मिळून प्रार्थना करा. पोरगा खाली जाऊन राहिला."

मुन्ना कठड्यावर बसला, पाय आत सोडले. विहिरीच्या भिंतीले लोखंडी कड्या होत्या, पाय ठेवायले. जाता जाता मले म्हणला, "माझं नाव नीट सांगजो त्याले. मुन्ना नावाचे लय आहेत."

दोर माझ्या हातातून सरकत गेला. चाक किरकिर करत होतं, अन् गुणगुणणं ऐकू येत होतं. मग मामीनं प्रार्थना सुरू केली अन् बाकीच्या लागल्या.

आमच्यात एकानं बोलायचं अन् बाकीच्यायनं ऐकायचं असं नसते. सगळे एकदम, मोठ्यानं, जो तो आपल्या शब्दात. रस्त्यावरून जाणाऱ्याले तो गोंधळ वाटते. आत उभं राहिलं की नदीत उभं असल्यावानी वाटते. मीही डोळे मिटले. दोर हातात, डोळे मिटलेले, अन् तोंडानं, प्रभू, मुन्नाले सांभाळ, प्रभू, चिचगड रोडचा मुन्ना, विहिरीवाला.

भीती गेली. मले वाटलं, हीच शांती.

दोर सरकायचा थांबला.

मुन्ना मधी मधी थांबते. कडी हलून पाहते, मग पाय ठेवते. थांबला की तो मोठ्यानं गुणगुणते, मले समजावं म्हणून. मी कान दिला. कानात फक्त प्रार्थना येऊन राहिली होती. मामीचा आवाज सगळ्यायच्या वर. मग दोराले एकदम वजन आलं. माणूस दोराले असला की दोर थोडा तरी हलत राहते. हा हलत नव्हता. भरलेलं पोतं लटकवल्यावानी.

"चूप," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही.

"चूप राहा ना थोडं."

मामी हात वर करून बोलत होत्या, डोळे मिटलेले, गालावर पाणी. मी ओरडलो. पास्टरच्या अंगणात, प्रार्थना करणाऱ्या लोकायवर, "तोंड बंद करा सगळे."

सगळे चूप झाले. विहीरही चूप होती.

मी कठड्यावरून पाहिलं. मुन्नाची मान एका बाजूले पडली होती. हात खाली. पाय पाण्याच्या जरा वर.

मी दोराचं टोक चिंचेले दोन वेढे मारून गुंडाळलं अन् एक पाय आत टाकला. दुसरा टाकणार तर मागून कोणी तरी माझी कॉलर धरली. पास्टर.

"सोडा मले."

"तू गेला तर दोन होतील."

"तो मरून राहिला ना जी."

"म्हणूनच म्हणतो. दोर धर. ओढ."

त्यायले कसं सुचलं, मले अजूनही माहीत नाही. मले विहिरीचा धंदा येते, त्यायले शिलाईचा. अन् मी आत उडी मारून राहिलो होतो.

ओढलं. मी समोर, माझ्यामागं पास्टर, त्यायच्यामागं मामी, त्या बहिणी. मुन्ना भिंतीले ठोकर खात वर येऊन राहिला होता, आवाज येत होता. माझ्या तळहाताची सालटी निघाली ते मले मग समजलं. प्रार्थना कोणीच करत नव्हतं. म्हणजे शब्द नव्हते कोणाजवळ. माझ्या तोंडातून दर ओढीले दोनच शब्द निघत होते, प्रभू, मुन्ना. प्रभू, मुन्ना.

वर आला तेव्हा ओठ निळे झाले होते. चिंचेखाली आडवा केला. पास्टरनं दोर सोडला, शर्ट फाडला, मान मागं केली. मी त्याच्या गालावर मारून राहिलो. काय म्हणून राहिलो तर, "मुन्ना, गाणं म्हण ना. कोणतंही म्हण."

मग त्याच्या नाकातून घोरल्यासारखा आवाज आला. मग खोकला. मग उलटी. इतकी चांगली उलटी मी कधी पाहिली नाही.

108 ची गाडी आली अन् सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी एका बाकावर, मामी समोरच्या बाकावर. पास्टर आत-बाहेर करून राहिले. आत मुन्नाले ऑक्सिजन लावला होता. डोळे उघडे होते, पण कोणाले ओळखत नव्हता. मले पाहून तो दुसरीकडं पाहायचा, पंख्याकडं. माणूस वाचला तरी पूर्ण परत येते का, हे मले त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. डोक्याले हवा नाही मिळाली तर का होते, हे मोबाईलवर पाहिलं अन् लगेच बंद केलं.

डॉक्टरीण बाहेर आली. आमच्याच वयाची असेल.

"कोण होतं सोबत?"

मी उभा राहिलो.

"विहीर झाकलेली होती का खूप दिवस?"

"हो जी."

"कुजलेल्या पाल्याची गॅस असते तळाशी. जड असते, वर येत नाही. श्वास घ्यायले हवाच नसते तिथं. उतरायच्या आधी दिवा सोडून नाही पाहत का तुम्ही? दिवा विझला म्हणजे माणूसही विझते. हे तर म्हाताऱ्या लोकायलेही माहीत असते."

  डॉक्टरीण म्हणली, "उद्यापर्यंत ठेवू. मग सांगते," अन् गेली.

मग सांगते. हे दोन शब्द मी रात्रभर पुरवले.

म्हणजे आज विहीर नाही म्हणते, ते हे होतं. इतक्या विहिरी झाल्या, अन् तो विहिरीत वाकून पाहायचा तेव्हा दरवेळी मी झाडाखाली डोळे मिटून त्याच्यासाठी माफी मागत होतो. एकदाही पाहिलं नाही की तो पाहून का राहिला.

दुर्गा आली. मुन्नाची बायको. पहिले पास्टरच्या अंगणात जाऊन मग ऑटोनं इथं आली, आधी आत गेली, मुन्नाले पाहून बाहेर आली. रडत नव्हती. मले म्हणली, "थैली गाडीलेच लटकून आहे. दिवा तसाच आहे आत. काऊन?"

"वहिनी, ते अंगण..."

"हा माणूस तापात असला तरी दिव्याबिगर उतरत नाही. आज काऊन उतरला?"

मी मामीकडं पाहिलं नाही. पण मामीच बोलल्या. "मीच नको म्हणली, बाई."

दुर्गानं त्यायच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या देवाच्या अंगणात दिवा जळत नाही का?"

आवाजही वाढवला नाही तिनं. मामीच्या तोंडावर कोणी चापट मारली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री घरी आईनं भात वाढला. मी खाल्ला नाही. आई म्हणली, "जीव गेला नाही ना त्याचा. उपकार मान."

"मले समजून नाही राहिलं आई. प्रभूनं वाचवलं का प्रभूच्या नावानं आम्ही त्याले लोटलं."

"मी बीपीची गोळी घेताना प्रार्थना करते. पण गोळी सोडत नाही ना."

"मग तू सकाळी तिथं काऊन नव्हती?"

ती उठली. माझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी प्रार्थनेच्या सभेत न जाता मी दवाखान्यात गेलो. दाराशी पाय थांबले. मले ओळखेल का, इतकंच डोक्यात होतं. मुन्ना उशीले टेकून चहात बिस्किट बुडवून राहिला होता. बिस्किट चहात पडलं, त्यानं शिवी दिली. मले रडू आलं.

"रडते काऊन? बिस्किट माझं होतं."

मी खाटेवर बसलो. तळहातायले पट्ट्या होत्या, त्या त्यानं पाहिल्या.

"तुले माहीत होतं का मुन्ना? दिव्याचं? गॅसचं?"

"गॅस-बिस नाही माहीत. दिवा गेला तर उतरायचं नाही, एवढंच बापानं सांगतलं. मी समजलो विहीर रुसते."

"मग उतरला काऊन?"

"तू म्हणला म्हणून."

"मी काहीही म्हणीन."

"तुझ्या लोकायच्या अंगणात तुझी मान खाली कायले घालू." तो चहाचा तळ पाहत होता. "खाली गेलो तर डोकं जड झालं. वाटलं, आवाज द्यावा. दिला. पण तुम्ही लोकं वर इतके जोरात चालू होते की मलेच माझा आवाज ऐकू आला नाही."

प्रार्थनेच्या आवाजात मले खालचं काही ऐकू येत नव्हतं, हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणलेही नाही, आईलेही नाही. गॅस तर गॅस. पण त्यानं आवाज दिला होता, अन् मी त्याच्यासाठी प्रार्थना करून राहिलो होतो म्हणून मले तो ऐकू आला नाही. हे गिळायले मले जागाच नव्हती.

मुन्नानं कप खाली ठेवला. "त्यानं ऐकलं का पण? नाव नीट सांगतलं होतं का?"

"चिचगड रोडचा मुन्ना, विहिरीवाला."

"मग ठीक आहे. पोहोचलं असेल."

तो मजाक करून राहिला होता का नाही, मले समजलं नाही. अजूनही नाही समजत.

संध्याकाळी पास्टरले फोन करून म्हटलं, माझा बाप्तिस्मा राहू द्या. ते म्हणले, "पाण्याची चिंता आहे का?" मी म्हटलं, "पाण्याची नाही जी. मले प्रार्थनेले डोळे मिटायची भीती वाटून राहिली."  मागं मशीनचा आवाज चालू होता. मग म्हणले, "मग उघडे ठेव. डोळे मिटायचं कोणी लिहून नाही दिलं." अन् म्हणले, उद्या ये, मामी बोलावून राहिली.

मी गेलो. मामी विहिरीजवळ एकट्या होत्या. बादलीत नाताळची मेणबत्ती होती, लाल, जाड, आम्ही नाताळच्या रात्री लावतो ती. पायावर मेण सांडून पक्की बसवली होती. मले पाहून त्यायनं ती पेटवली अन् बादली आत सोडली. आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. ज्योत खाली गेली, सरळ होती, मग बारीक झाली. मग नव्हती.

"पाहिलं?" मामी म्हणल्या.

"हो जी."

"इतक्या जणायची प्रार्थना झाली होती या जागी."

मी म्हटलं, "दोर तुटला नाही ना मामी. पास्टरनं मले धरलं. ते कोणी तरी..."

"मले समजावू नको." त्यायनं बादली वर घेतली. वातीतून धूर निघून राहिला होता. "सभेत सगळे म्हणले, साक्ष द्या, प्रभूनं चमत्कार केला. मी उभी राहिली.  मी एवढंच म्हणली, दिवा मी थांबवला. अन् बसली."

मग मामी म्हणल्या, विहीर अशी सोडायची नाही, साफ करायची, अन् आम्ही काम सुरू केलं. हवा कशी काढायची ते दुर्गानं सांगितलं, रुसलेली विहीर मनवायले मुन्नाचा बाप असं करे, ते तिनं मुन्नाकडून ऐकलं होतं. पाल्याच्या मोठ्या फांद्या दोराले बांधून खाली सोडायच्या अन् वर-खाली, वर-खाली, दम लागेपर्यंत. बादल्यायनं वरून पाणी फेकायचं. टिन लावायचं नाही, विहीर उघडी ठेवायची. रोज मामी मेणबत्ती सोडत. रोज ती विझे, पण आधीच्यापेक्षा खाली जाऊन विझे. मी रोज तिथं उभा राहून विचार करायचो, प्रभू, तुझ्या मनात असेल तर ही विहीरच बुजवून टाक ना. मले उतरायचं नव्हतं. मुन्नाले तर कोणी उतरू देणार नव्हतं.

एके दिवशी ती पाण्यापर्यंत गेली अन् जळत राहिली. मामीनं मले पाहिलं. मी चिंचेकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मुन्ना आला, मोटरसायकलवर मागं बसून. गाडी दुर्गा चालवून राहिली होती. मुन्नाचा चेहरा उतरलेला होता, पण तोंड चालू होतं. "का जी मामी, आता तुम्हीच दिवा देऊन राहिल्या म्हणते."

"मेणबत्ती आहे."

"कणकेचा काय, मेणाचा काय."

मामी हसल्या नाही, पण रागावल्याही नाही. "नारळ मात्र नाही हं मुन्ना."

"नारळ मी घरी खाल्ला."

दुर्गानं गाडी लावली अन् सगळ्यायच्या मधी येऊन उभी राहिली. "हा माणूस उतरणार नाही. वर राहील, दोर धरील. अन् वर कोणी तोंड उघडायचं नाही. ज्याले देवाशी बोलायचं आहे त्यानं मनात बोलावं."

पास्टर म्हणले, "बरोबर आहे."

मी छातीवर दोर बांधला. मुन्नानं तो सोडून पुन्हा बांधला, स्वतःच्या हातानं. मामीनं दुसऱ्या दोरानं बादली सोडली, मेणबत्ती माझ्या पायाखाली राहील अशी. 

"गाणं येते का तुले?" मुन्नानं विचारलं.

"नाही."

"मग तुझी प्रार्थना म्हण. पण मोठ्यानं. मले इथं वर ऐकू आली पाहिजे. ऐकू नाही आली तर मी ओढतो, मग तू नरडं साफ करून राहिला असला तरी."

मी उतरलो. पहिली कडी, दुसरी कडी. डोळे उघडे. खाली ज्योत, वर मुन्नाचं डोकं. भिंतीले शेवाळ होतं, हात घसरत होता.

"प्रभू," मी म्हटलं, "मले भीती वाटून राहिली."

आवाज विहिरीत घुमला. लोकायसमोर मी असं कधी बोललो नव्हतो. आमच्यात म्हणायची पद्धत आहे, प्रभू तू महान आहेस, तू सामर्थ्यवान आहेस. ते सगळं मले आठवत नव्हतं. जे आठवलं ते म्हणत गेलो. "प्रभू, वास कमी आहे. प्रभू, ही कडी हलून राहिली, ही पक्की आहे. माझी आई घरी बसली आहे, तिले मी काही सांगितलं नाही. मामीले माफ कर. मले माफ कर, मी याच्यासाठी इतकी माफी मागितली अन् पाहिलं एकदाही नाही. दुर्गा वहिनीचा राग जाऊ दे. नाही गेला तरी चालते."

"नाही गेला," वरून दुर्गाचा आवाज आला.

"तूच म्हणली ना, चूप राहायचं," मुन्ना तिले म्हणला.

मी अजून खाली गेलो. वरचं तोंड लहान झालं. थंडी वाटली. अन् ज्योत वाकली. एका बाजूले, पार आडवी.

मी थांबलो. तोंडही थांबलं.

दोर लगेच ताणला, काखेत रुतला, मी कडीवरून अर्धा उचलला गेलो.

"काऊन थांबला?" मुन्ना ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"ज्योत हलली."

"गेली का?"

मी पाहत राहिलो. ज्योत आडवी, बारीक. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, ना बायबलातलं वचन ना गाणं. मग ती हळूच उभी राहिली. बादली दोरावर गोल फिरली होती, तितकंच.

"आहे. जळून राहिली."

"मग बोलत का नाही?"

"श्वास घेऊन राहिलो होतो."

"श्वासही मोठ्यानं घे."

वर कोणी तरी नाक ओढलं. मामी असतील. दोर थोडा ढिला झाला, पण पहिल्याइतका नाही. मुन्नानं तो तितकाच धरून ठेवला, पार शेवटपर्यंत.

मी पुन्हा सुरू केलं. प्रभू, ज्योत उभी आहे. प्रभू, मुन्नाचा हात धर, त्यालेही भीती वाटून राहिली, मले दोरातून समजते. प्रभू, अजून दोन कड्या आहेत. प्रभू, एक.

मग पाणी घोट्याले लागलं. थंड होतं. तेही मी मोठ्यानं सांगितलं.